इराणला हरवलेल्या पोरांना फक्त चार ओळी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

३० नोव्हेंबर २०२५ ला अहमदाबादमध्ये आपल्या सतरा वर्षांखालच्या फुटबॉल टीमने इराणला २-१ हरवलं आणि एएफसी म्हणजे आशियाई फुटबॉल संघटनेच्या २०२६ च्या सतरा वर्षांखालच्या आशिया कपचं तिकीट काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवायच्या आधी मी तुमचा अंक उघडला, डायरेक्ट खेळाचं पान काढलं, आणि बातमी सापडली ती पार खाली कोपऱ्यात, चार ओळी, त्यात गोल कोणी केले ते पण नाही. मी तुमचा बरीच वर्षं वाचक आहे म्हणून हक्काने लिहितोय, चिडून नाही. पण वाईट वाटलं हे खरं. कारण ही बातमी चार ओळींची नव्हती.

या क्वालिफायरच्या, म्हणजे पात्रता फेरीच्या, ग्रुपमध्ये पाच टीम होत्या आणि वर जाणार होती फक्त एक, पहिली. आपली सुरुवात काही खास नव्हती, पॅलेस्टाइनशी १-१, मग चायनीज तैपेईला ३-१ हरवलं, मग लेबनानकडून ०-२ मार खाल्ला, म्हणजे शेवटच्या मॅचला इराणसमोर जिंकण्याशिवाय दुसरा रस्ताच नव्हता, ड्रॉ झाला असता तरी घरी. आणि पहिला गोल इराणनेच केला! अशा वेळी आपल्या टीमचं काय होतं ते आपण इतकी वर्षं बघत आलोय, खांदे पडतात, पास चुकायला लागतात, मग दुसरा गोल, तिसरा गोल. इथे तसं झालं नाही. हाफ टाइमच्या तोंडावर पेनल्टी मिळाली, डल्लालमुऑन गंगटेने ती मारली, आणि दुसऱ्या हाफमध्ये गुनलेइबा वांगखेइराकपमने दुसरा गोल केला. नंतर उरलेला सगळा वेळ पोरांनी तो एक गोल धरून ठेवला. मी घरात एकटा उभा राहून बघत होतो, बसवत नव्हतं.

आता कोणी म्हणेल इराणच का एवढा मोठा करून सांगताय. तर त्याचं कारण सांगतो. आपल्या पोरांच्या फुटबॉलची उंची मोजायची असेल तर इराण ही चांगली फूटपट्टी आहे, कारण पन्नास वर्षं ते आपल्याला मधून मधून भेटत आलेत.

१९७४ ला बँकॉकमध्ये आशियाई युवा स्पर्धेची फायनल झाली, भारत विरुद्ध इराण, २-२, आणि कप दोघांना मिळून दिला. शब्बीर अली कॅप्टन होते. म्हणजे भारत युवा गटात आशियाचा संयुक्त विजेता आहे! हे मी आमच्या ग्राउंडवर पोरांना सांगतो तेव्हा पोरं हसतात, त्यांना वाटतं सर काहीतरी फेकतायत. मोठ्या माणसांना पण माहीत नसतं. १९५६ चं मेलबर्न ऑलिम्पिक, १९६२ चं एशियाडचं गोल्ड हे निदान कधीतरी कुठल्या लेखात येतं, पण १९७४ कुठेच येत नाही.

त्यानंतर सरळ २०१६ ला या, गोव्यात सोळा वर्षांखालच्यांचा आशिया कप, आपण यजमान. यूएईकडून २-३ हरलो, सौदीशी ३-३ आणि इराणकडून ०-३. मग २०१८, मलेशियात, तीच स्पर्धा, इराणशी ०-० आणि त्यात आपला गोलकीपर नीरज कुमार याने पेनल्टी अडवली. मग २०२४, लाओसमध्ये वीस वर्षांखालच्यांची क्वालिफायर, तिथे इराणने १-० हरवलं. आणि आता २-१. ही रांग नीट बघितली तर दिसतं की आपण कुठे तरी सरकतोय, पण एक गोष्ट अजून दिसते, ती मी पुढे सांगतो कारण तीच मला खरी सांगायची आहे.

आधी २०१७ ला भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपबद्दल बोलू, कारण युवा फुटबॉल म्हटलं की लोकांना तेवढंच आठवतं. आपण यजमान म्हणून थेट खेळलो. फिफाच्या वर्ल्ड कपमध्ये भारताची पुरुषांची कुठलीही टीम खेळली ती ही एकच वेळ. दिल्लीत तीन मॅच, अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. बाहेर. लोकांनी तीन आकडे पाहिले आणि निकाल लावून टाकला की आपल्याला नाही जमत बाबा. पण ती कोलंबियाची मॅच ज्याने पूर्ण बघितली असेल त्याला विचारा! ०-१ मागे असताना ८२ व्या मिनिटाला संजीव स्टालिनचा कॉर्नर आला आणि जॅक्सन सिंगने उडी मारून हेडर घातला, भारताचा वर्ल्ड कपमधला पहिला गोल, आणि आजही तो एकमेव गोल आहे. अख्खं स्टेडियम वेडं झालं, आम्ही टीव्हीसमोर ओरडत होतो, आणि ओरडणं थांबायच्या आत पुढच्याच मिनिटाला पेन्यालोसाने दुसरा गोल करून कोलंबियाला पुढे नेलं. मला आजही त्या एका मिनिटाचा त्रास होतो. पोरं गोलचा आनंद करून परत जागेवर नीट उभी राहिली नव्हती तोवर गेला बॉल. ही चूक कशाने होते तर असा क्षण आधी अंगावरून गेलेला नसतो म्हणून होते, मोठ्या मॅचमध्ये गोल केल्यावर पुढची दोन मिनिटं डोकं कसं थंड ठेवायचं हे कुठल्या कॅम्पमध्ये शिकवता येत नाही, ते मॅच खेळूनच येतं. त्याच मॅचमध्ये राहुल के. पी. चा शॉट पोस्टला लागला होता हे पण लक्षात ठेवा. म्हणजे अंतर काय डोंगराएवढं नव्हतं.

धीरज सिंगने गोलमध्ये जे अडवलं ते तर विसरूच नये. आणि आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या टीममध्ये फॉरवर्ड होता, याचा आम्हाला किती अभिमान होता ते सांगून कळणार नाही. शाहू स्टेडियमला तालमींच्या मॅच बघत मोठं झालेल्या माणसाला, पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या टीमच्या मॅचला जागा मिळावी म्हणून दुपारपासून जाऊन बसणाऱ्या माणसाला, आपल्या गावाचा पोरगा वर्ल्ड कपमध्ये निळ्या जर्सीत बघणं म्हणजे काय असतं. त्या दिवशी पेठेत लोक एकमेकांना फोन करत होते.

आणि हा जॅक्सन सिंग टीममध्ये आला कसा ते पण ऐका. तो आधीपासूनच्या कॅम्पमधला नव्हता. तो मिनर्व्हा पंजाब या क्लबकडे होता आणि त्या मिनर्व्हाच्या पोरांनी कॅम्पमधल्या भारतीय टीमलाच सराव मॅचमध्ये हरवलं, तेव्हा कोच लुईस नॉर्टन डि मातोस यांनी त्यातली काही पोरं उचलली, त्यात हा पण होता. जर ती सराव मॅच झालीच नसती तर? तर भारताचा तो एकमेव गोल पण नसता कदाचित. मला तर हे फार महत्त्वाचं वाटतं. निवडलेली पोरं वर्षानुवर्षं एकाच कॅम्पमध्ये ठेवून कळत नाही कोण चांगलं आहे, समोर दुसरी टीम उभी केली की दोन तासात कळतं.

बरं, त्याच वर्षी मे महिन्यात एक बातमी आलेली आठवते का, भारताच्या पोरांनी इटलीला हरवलं म्हणून? सगळीकडे झळकली. नंतर कळलं की समोर इटलीचा अधिकृत राष्ट्रीय संघ नव्हताच. मला त्यात पोरांची काही चूक वाटत नाही, ती समोर जे आले त्यांच्याशी खेळली आणि जिंकली. पण मोठं नाव दिसल्याबरोबर पहिल्या पानावर आणि खरोखरची क्वालिफायर जिंकली तर कोपऱ्यात, हे उलटं आहे, संपादक साहेब.

आता २०१८ चा सोळा वर्षांखालच्यांचा आशिया कप. हे मला सविस्तर सांगायचं आहे कारण माझ्या मते ही गेल्या वीसेक वर्षांतली आपल्या युवा फुटबॉलची सगळ्यात मोठी कामगिरी आहे आणि ती कुणाला माहीतच नाही. कोच बिबियानो फर्नांडिस, गोव्याचे. मलेशियात पहिली मॅच व्हिएतनामशी, शेवटच्या काही मिनिटांत पेनल्टी मिळाली, विक्रम प्रताप सिंगने गोल केला, १-०. मग इराणशी ०-०, ती नीरजने अडवलेली पेनल्टी. मग इंडोनेशियाशी ०-०, आणि इंडोनेशियाच्या पाठीशी किती प्रेक्षक होते ते ज्यांनी पाहिलं त्यांना माहीत आहे. क्वार्टर फायनलला पोचलो, २००२ नंतर पहिल्यांदा. समोर साउथ कोरिया, २००२ ला पण क्वार्टर फायनलला तेच होते. ही मॅच जिंकली असती तर सेमी फायनल आणि सेमी फायनल म्हणजे २०१९ च्या वर्ल्ड कपचं तिकीट, यजमान म्हणून नाही, स्वतः खेळून मिळवलेलं. ६७ व्या मिनिटापर्यंत ०-० होतं. मग कोरियाने एक गोल केला. तेवढाच. ०-१.

म्हणजे अख्ख्या स्पर्धेत चार मॅच, गोल केला एक आणि खाल्ला एक. आणि खाल्लेला तो एक गोल थेट वर्ल्ड कपच्या दारात.

कुणी म्हणेल नुसता बचाव केला त्यांनी. हो केला, आणि गोल करणं आपल्याला जमलं नाही हे पण खरं, चार मॅचमध्ये एक गोल आणि तो पण पेनल्टीवर ही काही चांगली गोष्ट नाही. पण पंधरा-सोळा वर्षांची पोरं आशियातल्या चार टीमसमोर ३६० मिनिटं उभी राहतात आणि एकदाच फुटतात हे काय कमी आहे का?

त्याच्या पुढची बॅच अजून पुढची होती. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये ताश्कंदला सोळा वर्षांखालच्यांची क्वालिफायर, तुर्कमेनिस्तानला ५-०, बहरीनला ५-०, आणि यजमान उझबेकिस्तानशी त्यांच्याच घरात १-१, ग्रुपमध्ये पहिले. म्हणजे बचाव पण आणि गोल पण. आणि मग कोविड आला, २०२० ची आशियाई स्पर्धा आधी पुढे ढकलली आणि शेवटी रद्दच झाली. त्या पोरांना तो आशिया कप मिळालाच नाही, सतरा वर्षांखालचं वय हे परत येत नाही, पुढच्या वेळी ती पोरं अठरा-एकोणीसची झालेली. माझ्या मते त्या बॅचवर जो अन्याय झाला तो कुणाचाच दोष नव्हता, पण निदान आपण त्यांची आठवण तरी ठेवायला हवी होती.

२०२३ ला थायलंडमध्ये सतरा वर्षांखालच्या आशिया कपला व्हिएतनामशी १-१, उझबेकिस्तानकडून ०-१, आणि जपानकडून ४-८. हा ४-८ आकडा बघून लोक हसले. पण जपानला चार गोल घातले हो आपण! त्याच जपानने पुढे तो कप जिंकला. आठ खाल्ले हे वाईटच, त्याची सफाई मी देत नाही, पण चार घातले त्याची एक ओळ तरी कुठे आली का? २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये परत थायलंडमध्ये क्वालिफायर झाली, ब्रुनेईला १३-०, तुर्कमेनिस्तानला १-०, आणि यजमान थायलंडकडून २-३, त्यामुळे २०२५ चा आशिया कप हुकला. परत एक गोल.

सॅफ म्हणजे दक्षिण आशियाच्या स्पर्धेचं मी जास्त लिहीत नाही, तिथे आपली पोरं जिंकतातच, २०२२ ला कोलंबोत नेपाळला ४-०, २०२३ आणि २०२४ ला भूतानमध्ये बांगलादेशला दोन्ही वेळा २-०, २०२५ ला परत कोलंबोत बांगलादेशला पेनल्टीवर. चांगलं आहे, पण शेजाऱ्यांना हरवून आपली उंची कळत नाही.

आता जी गोष्ट पुढे सांगतो म्हणालो होतो ती. हे सगळे सोळा-सतराचे आकडे बघा, आशियाच्या वरच्या टीमशी फरक साधारण एका गोलाचा, कधी ड्रॉ, आता तर जिंकलो पण. या वयोगटात आपण आशिया कपला आजवर अनेकदा पात्र ठरलो. आता त्याच पोरांच्या पुढच्या वयाकडे या. वीस वर्षांखालच्या आशिया कपला आपण शेवटचे खेळलो २००६ ला आणि ते पण यजमान होतो म्हणून. तेवीस वर्षांखालच्या आशिया कपला आजपर्यंत एकदाही पात्र झालो नाही. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये दोह्यात तेवीस वर्षांखालच्यांनी बहरीनला २-० हरवलं, ब्रुनेईला ६-०, पण कतारकडून १-२ हरले आणि राहिलं. आणि सीनियर टीम, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून १-२ हरली आणि २०२७ चा आशिया कप गेला.

म्हणजे सोळाव्या वर्षी बरोबरीत असलेलं पोर बाविसाव्या वर्षी मागे पडतं. मधल्या सहा वर्षांत कोरियाचं पोर काय करतं आणि आपलं काय करतं? माझं उत्तर सोपं आहे, ते मॅच खेळतं आणि आपलं बेंचवर बसतं. सतराव्या वर्षी नाव झालं की क्लब करार करतो, पोरगं खूष, घरचे खूष, आणि मग पहिल्या टीममध्ये जागा नाही, रिझर्व्ह टीमच्या मॅच मोजक्या, दोन वर्षं नुसती ट्रेनिंग. अठरा ते एकवीस हे वय खेळाडू घडायचं असतं आणि नेमकं त्याच वयात आपलं पोरगं शेवटच्या दहा मिनिटांसाठी उठायची वाट बघत असतं.

यावर एक उपाय आपण करून बघितला होता आणि तो चालला पण होता. इंडियन ॲरोज. फेडरेशनची, म्हणजे देशाच्या फुटबॉल संघटनेची, स्वतःची पोरांची टीम, २०१० ला सुरू केली, २०१३ ला बंद केली, २०१७ च्या वर्ल्ड कपनंतर परत सुरू केली आणि त्या सतरा-अठराच्या पोरांना थेट आय-लीग या देशाच्या क्लब लीगमध्ये मोठ्या माणसांशी खेळवलं. हरायची खूप, पहिल्या सीझनला तळाला राहिली. पण दर आठवड्याला नव्वद मिनिटं खेळत होती! त्याचं फळ बघा, जॅक्सन, अन्वर अली, सुरेश वांगजाम, रहीम अली ही सगळी २०१७ ची पोरं पुढे सीनियर टीमपर्यंत पोचली. एका बॅचमधून इतकी. आणि २०२२ ला फेडरेशनने ॲरोज बंद केली. त्याऐवजी एलिट यूथ लीग आणली, पोरांची पोरांशी लीग. मला वाटतं लीग हवीच, जेवढ्या मॅच तेवढं चांगलं, पण ॲरोज बंद करायला नको होती, कारण सोळाव्या वर्षी पोराला पोराशी खेळून जे मिळतं त्यापेक्षा अठराव्या वर्षी मोठ्या माणसाचा खांदा लागून जे मिळतं ते वेगळं असतं.

आणि २०१७ ची बरीच पोरं असलेल्या आपल्या टीमने २०१८ च्या ऑगस्टमध्ये स्पेनमध्ये कोटिफ कप या युवा स्पर्धेत अर्जेंटिनाच्या वीस वर्षांखालच्या टीमला २-१ हरवलं. हे खरं आहे, तपासून बघा. त्याआधी स्पेनमधल्याच मुर्सियाकडून ०-२, मॉरिटानियाकडून ०-३ हरले होते, व्हेनेझुएलाशी ०-० केलं होतं. मग अर्जेंटिना. दीपक टांगरीने चौथ्याच मिनिटाला गोल केला, दुसऱ्या हाफमध्ये आपल्या अनिकेतला रेड कार्ड मिळालं, दहाजण उरले, आणि दहाजण असताना अन्वर अलीने फ्री किकवर दुसरा गोल घातला. समोरच्या बाकावर कोच कोण होते माहीत आहे? लिओनेल स्कालोनी, ज्यांनी पुढे २०२२ ला कतारमध्ये मेस्सीच्या टीमला वर्ल्ड कप मिळवून दिला. हे पोरं ॲरोजमध्ये एक सीझन मोठ्यांशी खेळून झाल्यावरचं आहे बरं का. मला हा योगायोग वाटत नाही. आणि तो अन्वर, त्याला २०१९ ला हृदयाचा आजार निघाला, फेडरेशनने खेळायला थांबवलं, तो कोर्टात गेला, परत मैदानात आला आणि आज भारताच्या बचावात उभा राहतो.

आता माझ्या अनुभवाचं एक सांगतो. मी कामावरून सुटलो की संध्याकाळी बारा ते सोळा वर्षांच्या पोरांना शिकवतो, पैसे घेत नाही, आवड म्हणून. मागे आमच्यातला एक पोरगा, डावखुरा, विंगर, बॉल पायाला चिकटून असायचा, शाळेच्या टीममधून सतरा वर्षांखालच्या स्पर्धेला गेला. जून ते सप्टेंबर रोज पहाटे ग्राउंडवर, पावसात, चिखलात. स्पर्धा नॉकआउट. पहिलीच मॅच टायब्रेकरवर हरले. झालं. त्याचं वर्ष संपलं! अख्ख्या वर्षात एक मॅच. मी आयोजकांना विनंती केली होती की निदान ग्रुप पाडा, प्रत्येक टीमला तीन मॅच तरी मिळू द्या, तर म्हणाले ग्राउंड नाही, दिवस नाहीत, रेफ्री नाहीत. त्यांचीही अडचण असेल, पण पुढच्या वर्षी तो पोरगा आला नाही. दहावी होती, घरचे म्हणाले एका मॅचसाठी कशाला वर्षभर. मी काय उत्तर देणार होतो? त्याच वयाचं पोर जपानमध्ये वर्षभर लीग खेळत असतं. आपण चार गोल घातले आणि आठ खाल्ले ते त्या मैदानावर नाही खाल्ले, ते असे शाळा-शाळांमधून आधीच खाल्लेले असतात.

शाळांची स्पर्धा म्हणजे सुब्रोतो कप १९६० पासून चालू आहे, त्यातून कितीतरी खेळाडू आले, पण तिथवर पोचायची वाट परत नॉकआउटचीच. आणि नॉकआउटमध्ये कोच काय करतो, दांडगी पोरं घेतो. उंच पोरगा घ्या, ढकलेल, जिंकू. लहान चणीचा हुशार पोरगा बाहेर. मग हीच दांडगी पोरं वयाच्या तपासणीत अडकतात, कारण सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला मनगटाचा एमआरआय काढतात, तिथे जन्मदाखला चालत नाही. यावर लिहायचं तर वेगळं पत्र लागेल, सोडतो.

मुलींबद्दल लिहिल्याशिवाय हे अर्धवट राहील. २०२२ ला मुलींचा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप आपल्याकडे झाला. आपल्या मुली भुवनेश्वरला अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५ हरल्या. स्पर्धेच्या दोनच महिने आधी फिफाने आपल्या फेडरेशनला निलंबित केलं होतं, स्पर्धा होणार की नाही हेच त्या पोरींना माहीत नव्हतं, अशा मनाने काय खेळणार. पण २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये बिश्केकला सतरा वर्षांखालच्या मुलींनी उझबेकिस्तानला २-१ हरवून आशिया कप गाठला, यजमानपदाची मेहेरबानी नाही, क्वालिफायर खेळून. त्याआधी ऑगस्टमध्ये वीस वर्षांखालच्या मुलींनी यांगूनला म्यानमारला त्यांच्या घरात १-० हरवून आशिया कप गाठला. ज्या वर्षी मोठ्या पुरुषांची टीम हरली, ज्या वर्षी करारांच्या भानगडीत आयएसएल या देशातल्या मोठ्या क्लब लीगचा सीझन वेळेवर सुरू झाला नाही, त्याच वर्षी दोन मुलींच्या टीम आणि ही सतराची पोरं पात्र झाली. त्या मुलींची बातमी तर मला तुमच्या अंकात सापडलीच नाही, नजरेतून सुटली असेल तर माफ करा.

आता सौदी अरेबियात आशिया कप आहे. आणि यावेळी एक फार मोठा फरक आहे जो वाचकांना सांगायलाच हवा. सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप २०२५ पासून दरवर्षी होतो, कतारमध्ये, ४८ टीमचा. त्यामुळे आशियाच्या जागा वाढल्या. आता आशिया कपच्या क्वार्टर फायनलला पोचलं की वर्ल्ड कप पक्का. म्हणजे २०१८ ला मलेशियात जिथे आपण पोचलो होतो, बरोबर तिथेच परत पोचायचं आहे, तेवढ्यावर तिकीट. त्या विक्रमच्या, नीरजच्या बॅचला हे मिळालं नाही, एका गोलाने राहिलं, या पोरांना मिळू शकतं. कोच पण तेच आहेत, बिबियानो फर्नांडिस. त्या माणसाच्या मनात कोरियाचा तो ६७ व्या मिनिटाचा गोल किती वेळा येत असेल याचा मी कधी कधी विचार करतो.

माझं मागणं एवढंच आहे की सौदीतल्या मॅच सुरू झाल्या की रोज अर्धा कॉलम द्या. जिंकले तरी आणि हरले तरी. टीममध्ये कोण होतं, गोल कितव्या मिनिटाला झाला, कोण बदली आलं, गोलकीपरने काय अडवलं. ०-५ हरले तरी लिहा, का हरले ते पण लिहा, झाकू नका. आणि आशिया कप संपल्यावर वर्षभराने त्यातला एकेक पोरगा कुठे आहे, कुठल्या क्लबला आहे, किती मिनिटं खेळला याची एक बातमी करा. ही बातमी आजवर मी कुठल्याच मराठी पेपरात वाचलेली नाही आणि फेडरेशनला आणि क्लबांना जर कुणी हे विचारणारं असेल तर कदाचित पोरं बेंचवरून लवकर उठतील.

इराणच्या मॅचनंतर दुसऱ्या दिवशी मी ग्राउंडवर पोरांना सगळी मॅच तोंडाने सांगितली, कारण बहुतेकांनी पाहिली नव्हती. तेरा वर्षांच्या एकाने विचारलं, सर, दुसरा गोल कोणी मारला? मी नाव सांगितलं. त्याला ते नीट म्हणता येईना, मणिपुरी आडनाव लांब आहे, मग सगळ्यांनी मिळून पाठ केलं, वांगखेइराकपम, वांगखेइराकपम, आणि मग त्याच नावाने ओरडत त्यांनी मॅच सुरू केली. तुमच्या अंकात ते नाव असतं तर मी कात्रण काढून ग्राउंडच्या शेडमध्ये चिकटवलं असतं. सौदीच्या वेळी चिकटवीन, जागा ठेवलीये.

आपला,
एक जुना वाचक,
कोल्हापूर